दहापट भिंग, देवगडची कलमं आणि हुमल्यांच्या गर्दीतला कोळी

घडीचं भिंग, दहापट मोठं दाखवणारं, तीन काचा एकमेकींना चिकटवलेलं. टपालखर्च धरून नऊशे रुपयांच्या आत पडलं. अंबाल्याहून आलं. आंबा किंवा काजू असलेल्या प्रत्येक घरात हे असायला हवं असं माझं ठाम मत झालं आहे. ते का झालं हे नीट सांगायचं असल्यामुळे हा अभिप्राय लांबणार आहे. ज्यांना घ्यावं की नाही एवढंच हवं असेल त्यांच्यासाठी: घ्या, आणि दहापटच घ्या.

देवगड तालुक्यात कातळावर आमची कलमं आहेत, थोडा काजू आहे. रत्नागिरीला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, लग्न होऊन इथे आले आणि पुढची सगळी वर्षं बागेत गेली. भिंग घेतलं ते फुलकिड्यांसाठी. आपल्याकडे सगळे त्यांना थ्रिप्सच म्हणतात. मोहोर फुटला की हे येतात, कोवळी साल खरवडून रस शोषतात, आणि कैरी वाढते तशी तिच्या अंगावर खरबरीत तपकिरी चट्टे वाढत जातात. असा आंबा आतून कितीही गोड निघाला तरी चांगल्या पेटीत बसत नाही. मग फवारणीवर फवारणी होते, औषधाचं बिल फुगत जातं, आणि जो भेटेल तो बागायतदार एकच सांगतो की औषध लागू पडत नाही. नुसत्या डोळ्यांनी हा किडा म्हणजे एक हलणारी रेघ. आपण कशावर फवारतो आहोत ते आपल्याला दिसतच नाही, ही गोष्ट मला फार खटकत होती.

आधी वस्तूबद्दल. बाजारात तीसपट, चाळीसपट, साठपट असे आकडे छापलेली दिवेवाली भिंगं दोन-अडीचशे रुपयांत मिळतात. त्या आकड्यावर जाऊ नका. घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. भिंग डोळ्याशी धरा आणि स्टीलची पट्टी हळूहळू जवळ आणा. दहापट भिंगातून पट्टी साधारण अडीच सेंटीमीटरवर स्पष्ट दिसते. खरंच तीसपट असेल, तर पट्टी आठ मिलिमीटरवर, म्हणजे काचेला जवळजवळ टेकेपर्यंत आणावी लागेल. तीसपट म्हणून विकलेलं भिंग अडीच सेंटीमीटरवर स्पष्ट दाखवत असेल, तर ते दहापटच आहे. आणि खरं तीसपट हातात आलं तरी मोहोरात त्याचा उपयोग नाही. दिसणारा भाग इतका लहान असतो की किडा त्यात सापडत नाही, आणि वाऱ्यावर डहाळी जरा हलली की सगळं पुसट.

तीन काचांच्या भिंगाला पैसे जास्त पडतात ते वसूल होतात. एका काचेच्या भिंगात कडेला निळी-तांबडी झालर दिसते आणि पट्टीवरच्या सरळ रेघा वाकतात. यात कडेपर्यंत रेघ सरळ राहते. किड्याच्या पंखांना झालर आहे का ते बघायचं असताना भिंगाने स्वतःची झालर लावून चालत नाही.

वापरायची पद्धत विकणाऱ्याने कागदावर लिहून द्यायला हवी होती, ती दिलेली नाही. लोक पाटीवरची अक्षरं वाचायला धरतात तसं हात लांब करून धरतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात. भिंग डोळ्याला अगदी लागून धरायचं, चष्मा असेल तर चष्म्याला लागून. दुसऱ्या हाताने पान किंवा मोहोराची काडी जवळ आणायची. दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे म्हणजे थरथर थांबते. ऊन खांद्यावरून यायला हवं. दुसरा डोळा मिटू नका, थोड्या सवयीने तो आपोआप गप्प बसतो.

आता बागेत. मोहोराखाली पांढरा कागद धरून काडीला टिचकी मारायची. कागदावर जे पडतं ते भिंगाखाली घ्यायचं. फुलकिडे ओळखू येतात, लांबट, पिवळसर किंवा गडद, आणि पंख म्हणजे पातळ दांडीला दोन्ही बाजूंनी केस. पण त्याच कागदावर इतर कितीतरी जीव पडतात, आणि माझं या भिंगाबद्दलचं प्रेम तिथून सुरू झालं. तुडतुडे आणि त्यांची पिल्लं. मोहोरावर परागीकरण करायला आलेल्या बारीक माश्या. हापूसच्या मोहोराला मधमाशीइतकाच, बऱ्याचदा जास्त, आधार माश्यांचा असतो. फुलकिड्यांना खाणारे बारीक ढेकूण. लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या अळ्या, ज्या प्रौढ भुंगेऱ्यासारख्या मुळीच दिसत नाहीत आणि म्हणून लोक त्यांना कीड समजून चिरडतात. एका टिचकीत खाणारे, खाल्ले जाणारे आणि त्यांच्या भांडणात नसलेले, सगळे एका कागदावर.

औषध का लागू पडत नाही, याचं उत्तर मला या कागदावर समजलं. पुस्तकात वाचलेलं होतंच. एका बागेतल्या फुलकिड्यांमध्ये सगळे सारखे नसतात. काहींच्या शरीरात ते विष फोडून टाकणारी रसायनं थोडी जास्त बनतात. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात, आणि पुढची पिढी यांच्याच पोटची. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते, म्हणजे एकाच मोहोराच्या हंगामात आपण हे छाटणीचं काम पुन्हा पुन्हा करतो. हे काही आजचं नाही. अमेरिकेत मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने 1914 मध्येच सॅन होजे खवल्या किडीबद्दल दाखवलं होतं की चुना-गंधकाच्या फवारणीला काही बागांतली कीड दाद देत नाही. तेव्हा डीडीटीही वापरात आलं नव्हतं.

पण दुसरी अर्धी गोष्ट कागदावर दिसते. फवारणीनंतर तोच कागद, तीच टिचकी. फुलकिडे कमी, पण आहेत. त्यांना खाणारे मात्र जवळपास गायब. खाणाऱ्यांची संख्या मुळात कमी, पिढी लांब, आणि खायला काही उरलं नाही तर ते परत येण्यात अर्थही नाही. मग उरलेल्या फुलकिड्यांना विषही मारत नाही आणि शत्रूही मारत नाही. विषाने निवड केली आणि शत्रू नाहीसे झाल्याने वाट मोकळी झाली, या दोन्ही गोष्टी मिळून आपल्या बागेतला फुलकिडा घडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक दर खेपेला वेगळ्या गटातलं औषध सांगतं, ते एवढ्याचसाठी. आपण दुकानदार सांगेल ते, आणि बऱ्याचदा वेगळ्या नावाच्या बाटलीतून त्याच गटातलं, मारत राहतो. बाटलीवरचं कंपनीचं नाव नव्हे, आतल्या रसायनाचं नाव वाचा. ते बारीक अक्षरात असतं, आणि हो, त्यालाही भिंग उपयोगी पडतं.

पानांच्या खालच्या बाजूला बघायची सवय आमच्याकडे राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातल्या बाईंनी लावली. तिला पानाला लटकलेले बारीक केस दिसले होते आणि ही बुरशी आहे का म्हणून ती पान घेऊन आली. भिंगातून बघितलं तर प्रत्येक केसाच्या टोकाला एक हिरवट अंडं. क्रायसोपा नावाच्या मित्रकीटकाची अंडी. एक किडा एवढी मेहनत करून प्रत्येक अंड्याला स्वतंत्र देठ का देतो? मुंग्यांपासून बचाव हे एक कारण आहेच. दुसरं कारण त्याच्या घरातलं आहे. क्रायसोपाची अळी भयंकर खादाड. पहिली जी बाहेर येते तिला शेजारचं अंडं म्हणजे समोर आलेलं जेवण. भावंडांनी भावंडांना खाऊ नये म्हणून आईने घातलेली ही अंतरं आहेत. मावा-तुडतुड्यांना खाणारा मित्रकीटक म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याच्या अंड्याचा देठ त्याच्या स्वतःच्या जातीच्या भुकेने लांब केला आहे.

याच घराण्यातल्या काही अळ्या पाठीवर कचरा वाहतात. खाल्लेल्या किड्यांची कातडी, मेणाचे तंतू, जे सापडेल ते. पिठ्या ढेकणाच्या पांढऱ्या गठ्ठ्यात एक गठ्ठा चालू लागला की समजायचं. पिठ्या ढेकूण सोडतात त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, आणि राखणदारांना फसवायला हा वेश. अमेरिकेत थॉमस आयस्नर यांनी 1978 मध्ये अशाच एका जातीच्या अळ्यांचा मेणाचा वेश काढून त्यांना मुंग्यांसमोर सोडलं. वेश उतरवलेल्यांना मुंग्यांनी ओळखून उचलून बाहेर काढलं, वेशातल्या बहुतेक तशाच राहिल्या. म्हणजे ढेकूण, त्याला राखणारी मुंगी आणि त्याला खाणारी अळी, तिघांच्या ओढाताणीत अळीची पाठ अशी झाली.

मुंग्यांवरून हुमले. आंब्याची पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या म्हणजे हुमले. तोडणीच्या वेळी गडी त्यांच्यावर चिडलेले असतात आणि ते बरोबरही आहे. चावतात, चावलेल्या जागी आम्ल सोडतात, आणि एकाने हाक दिली की शंभर येतात. आमच्याकडे घरटी जाळायची पद्धत होती. भिंग आल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागले, आणि आता आमच्या बागेत घरटी जाळत नाहीत, तोडणीच्या झाडांवरची तेवढी काढून दुसऱ्या झाडावर सोडतो. काजूचा रस शोषणाऱ्या ढेकण्या किडीला हुमले चांगला आळा घालतात, हे आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाम इथल्या काजूबागांत तपासून झालेलं आहे. चीनमध्ये तर संत्र्याच्या बागेसाठी यांची घरटी विकत मिळत, अशी चौथ्या शतकातली नोंद आहे. उलट बाजूही सांगते. हुमले स्वतः खवले कीड पाळतात, तिच्या चिकट्यावर काळी बुरशी येते. सगळा फायदाच आहे असं नाही.

दोन झाडांवर दोन वेगळ्या वसाहतींचे हुमले असतील आणि फांद्या टेकल्या असतील, तर त्या टेकण्याच्या जागी भिंग घेऊन उभे राहा. एकमेकांचे पाय ओढून ताणणारे हुमले दिसतील. सारखीच जात, सारखंच रूप, वासावरून परका ओळखतात. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई बहुतेक वेळा दुसऱ्या हुमल्यांशीच असते.

अशा एका फांदीवर माझा पुतण्या, नववीतला, भिंग घेऊन बराच वेळ बसला होता. मी काजू गोळा करत होते. त्याने हाक मारली, "काकी, ह्यो हुमलो नाय. हेका आठ पाय आसत, मोजून बघ."

खरंच आठ होते. पुढचे दोन पाय वर उचलून ते मुंगीच्या मिशांसारखे हलवत चालला होता. रंग तोच, कंबर तशीच बारीक, डोक्याच्या दोन बाजूंना काळे ठिपके, मुंगीचे डोळे असतात तिथे. खरे डोळे पुढे होते, उडी मारणाऱ्या कोळ्याचे दोन मोठे आणि बाकीचे लहान. हा कोळी हुमल्यांमध्ये राहतो पण हुमले खात नाही. कुणी जवळ आला की उडी मारून बाजूला होतो, कारण अंगाला अंग लागलं की वासावरून उघडं पडेल. पक्षी आणि इतर शिकारी हुमल्यांच्या वाटेला जात नाहीत, त्या धाकाच्या सावलीत हा जगतो. पिढ्यान्‌पिढ्या जे कोळी हुमल्यासारखे जरा जास्त दिसले ते वाचले, आणि पाखरांच्या नजरेने हळूहळू कोळ्याची मुंगी केली.

यातला नर बघायला मिळाला तर तो दिवस सोन्याचा समजा. नराचे जबडे डोक्यापुढे इतके लांब आलेले असतात की तो हुमल्यासारखा दिसायलाच नको. ते जबडे आपसांतल्या भांडणासाठी. दोन नर समोरासमोर आले की जबडे उघडून एकमेकांना मोजतात, ढकलतात. लांब जबड्याचा जिंकतो. मादीला असे जबडे नसतात. म्हणजे एका बाजूने पाखरं म्हणतात मुंगीसारखा राहा, दुसऱ्या बाजूने आपलेच भाऊबंद म्हणतात जबडे वाढव. या दोन्ही मागण्या एका शरीरात कशा बसल्या? नर एकट्या मुंगीसारखा दिसत नाही, तोंडात दुसरी मुंगी धरून चाललेल्या मुंगीसारखा दिसतो! जबड्यांची टोकंसुद्धा गडद आणि फुगीर असतात. हुमले सारखे काहीतरी तोंडात धरून नेतच असतात, त्यामुळे ते खपून जातं. पण फुकट नाही. मुंग्या खाणारे काही कोळी ओझं धरलेल्या मुंगीलाच मुद्दाम गाठतात, कारण तिचे जबडे अडकलेले असतात, चावायला मोकळे नसतात. प्रयोगांत दिसलं की असे शिकारी या नरालाच जास्त पसंत करतात. पाखरांपासून सुटका मिळवून दुसऱ्याच शत्रूच्या तोंडी जाण्याचा हा सौदा आहे. मी कॉलेजात निवडीचे प्रकार वेगवेगळ्या धड्यांत शिकले होते, शत्रूंमुळे होणारी एका धड्यात, जोडीदारासाठीच्या चढाओढीची दुसऱ्यात. काजूच्या पानावर दोन्ही धडे एकाच कोळ्याच्या तोंडात होते.

त्याच फांद्यांवर दुसरा एक कोळी सापडतो, तो मात्र हुमले खातो. त्याचे काळे ठिपके पोटाच्या मागच्या टोकाला असतात, त्यामुळे त्याची पाठ मुंगीच्या डोक्यासारखी भासते. पहिला कोळी पाखरांना फसवायला मुंगी झाला, दुसरा मुंगीलाच फसवायला. भिंगाशिवाय हे दोघेही मला फांदीवरचे हुमलेच वाटले असते.

आता उंबर. भिंग घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी उंबर फोडून बघावं. देवळाजवळच्या औदुंबराला मी हात लावत नाही, आमच्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी दुसरा आहे, त्याचं फळ घेते. पूर्ण लाल झालेलं घेऊ नका, त्यातली केंबरं उडून गेलेली असतात. लाल व्हायच्या जरा आधीचं, अजून घट्ट असलेलं घ्या आणि पातळ सुरीने उभं कापा. भिंगाखाली आत फुलांची भिंत दिसते, बाहेरून कधीच न दिसणारी. आणि त्या फुलांत केंबरं, म्हणजे दीड-दोन मिलिमीटरच्या गांधीलमाश्या. पंख असलेल्या माद्या, आणि बिनपंखांचे नर.

यांची जीवनकथा मी पुतण्याला सांगितली तेव्हा त्याला ती खोटी वाटली. मादी उंबराच्या तोंडाशी असलेल्या खवल्यांच्या अरुंद वाटेने आत घुसते. तिचं चपटं डोकं त्या वाटेच्या मापाचं आहे. घुसताना तिचे पंख तुटतात, बाहेर यायचा प्रश्नच उरत नाही. छातीवरच्या खिशांत तिने आधीच्या उंबरातून पराग भरून आणलेले असतात, ते ती काढून फुलांवर घालते. काही फुलांत अंडी घालते, आणि आतच मरते. अंडी पडलेल्या फुलांत केंबरं वाढतात, बाकीच्यांत बी धरतं. आधी नर बाहेर येतात, माद्या अजून आपापल्या फुलांत असतानाच त्यांच्याशी जुगतात, भिंत पोखरून वाट करतात आणि मरतात. माद्या पराग भरून त्या वाटेने उडून जातात. झाडाला केंबरांशिवाय बी नाही, केंबरांना झाडाशिवाय घर नाही. वडाच्या केंबराची जात वेगळी, उंबराच्याची वेगळी.

इतक्या पक्क्या भागीदारीतही चोर असतातच. उंबराच्या सालीवर बाहेरून बसलेल्या, शेपटीसारखी लांब सोंड असलेल्या गांधीलमाश्या नीट शोधल्या तर दिसतात. त्या पराग आणत नाहीत. सालीतून सोंड आत घालून अंडी घालतात, आणि काही तर दुसऱ्यांच्या अळ्यांवरच घालतात. उंबराचं फळ कोवळं असताना येणाऱ्यांची सोंड आखूड, फळ मोठं झाल्यावर येणाऱ्यांची लांब. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशाच एका जातीची सोंड तपासली. केसाहून बारीक, टोकाला दाते, आणि त्या दात्यांत जस्त साठवलेलं. 2014 मध्ये ते प्रसिद्ध झालं. भिंतीत पहारीने भोक पाडणाऱ्या गड्याला जसं पोलादी टोक लागतं, तसं या माशीने जस्ताचं करून घेतलं. त्याच संस्थेत रेने बोर्जेस यांच्या गटाने उंबर आणि त्यांच्या केंबरांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आणि या चोरांना पकडायला झाडावर कोण फिरत असतं? पुन्हा हुमले. केंबरं यायच्या आणि बाहेर पडायच्या वेळी उंबराचा वास बदलतो आणि त्या वासावर हुमले येतात.

केंबरांच्या नरांकडे बघताना हॅमिल्टन या शास्त्रज्ञाची आठवण येते. त्याने ब्राझीलमधल्या उंबरवर्गीय झाडांच्या फळांत मोठ्या जबड्यांचे बिनपंखी नर एकमेकांना कापताना पाहिले आणि 1979 मध्ये त्याबद्दल लिहिलं. फळ बंद, माद्या आत, पळायला जागा नाही, मग लढाई जीवावर जाते. कोळ्यांचे नर ढकलाढकलीवर थांबतात, हे थांबत नाहीत. चढाओढ जातीत आपसांतच आहे, पण ती किती टोकाला जाणार हे झाडाने बांधलेल्या घरावर ठरतं.

समुद्रावर भिंग नेलं की काम थोडं वेगळं. कुणकेश्वरच्या वाळूत रिकाम्या शिंपल्यांच्या कडेजवळ गोल भोक असलेले शिंपले खूप सापडतात. मुली त्यांचे हार करतात. त्या भोकाच्या कडेवर भिंग धरा. कड बाहेरून आत उतरती, बशीसारखी असेल, तर ते चंद्रगोगलगाईचं काम. कड सरळ उभी असेल, तर बहुधा काटेरी शंखातल्या गोगलगाईचं. आम्ल सोडून कवच मऊ करायचं, मग दातेरी जिभेने खरवडायचं, असं हळूहळू भोक पाडतात. काही शिंपल्यांवर भोक अर्धवट राहिलेलं असतं, शंखांवर खेकड्याने डेंग्याने मोडलेली कड पुन्हा भरून आलेली दिसते. हे वाचलेल्यांचे व्रण. खीरात व्हर्मे या शास्त्रज्ञाने अशा व्रणांवरून मांडलं की खेकडे, गोगलगाई यांचे डेंगे आणि दाते जसजसे जोरदार होत गेले तसतशी शंखांची कवचं जाड, अरुंद तोंडाची, काटेरी होत गेली. व्हर्मे लहानपणापासून अंध आहेत. त्यांनी हे सगळं बोटांनी वाचलं. भिंग हातात असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

आता तक्रारी. सोबत आलेलं कातड्यासारखं पाकीट श्रावणात बुरशीने पांढरं पडलं, फेकून दिलं. आपल्याकडच्या दमट हवेत भिंग अशा पाकिटात ठेवूच नका, काचेवरही बुरशी जाळं धरते आणि ते पुसून जात नाही. स्टीलच्या छोट्या डब्यात, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुडीबरोबर ठेवा. दाणे अधूनमधून उन्हात किंवा तव्यावर कोरडे करा. घडीचा स्क्रू खाऱ्या वाऱ्याने गंजायला लागला आहे, त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडते. काच पदराने पुसू नका. किनाऱ्यावरून आल्यावर काचेवर मीठ आणि वाळू असते, पुसलं की चरे. गोड्या पाण्याचे थेंब सोडून मऊ सुती कापडाने टिपायचं. ॲसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढायचं पाणी, लावलंत तर काचांमधला डिंक सुटेल.

दोरी ओवायला भोकही दिलेलं नाही. गवतात पडलं की सापडत नाही. मी घडीच्या कडीला लाल दोरा बांधून गळ्यात घालते, तुम्हीही पहिल्या दिवशी तेच करा.

फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून फोटो निघतात, बऱ्यापैकी. आमच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटात मी कागदावर पडलेल्या किड्यांचे फोटो टाकते आणि त्यावर औषधांपेक्षा किड्यांची चर्चा जास्त होते, ही मला चांगली गोष्ट वाटते. यापेक्षा बारीक बघायचं असेल, बुरशीचे बीजाणू, पराग, तर याने भागणार नाही. मनू प्रकाश यांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बनवलेला घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक, फोल्डस्कोप, साधारण 140 पट दाखवतो, स्वस्त आहे आणि शाळांनी तो जरूर घ्यावा. पण त्याला काचपट्टी तयार करावी लागते. जिवंत, चालता हुमला त्यात बघता येत नाही. दोन्ही वस्तूंची कामं वेगळी आहेत.

पाचपैकी चार. एक तारा कापला तो पाकिटासाठी, दोरीच्या भोकासाठी आणि वापरायची पद्धत न दिल्यासाठी. काचेला पाचपैकी पाच. मोहोर यायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच मागवा. मोहोरावर पहिली फवारणी करायच्या आधी दहा वेगवेगळ्या झाडांखाली पांढरा कागद धरून बघा, आणि कुठल्या झाडाखाली कोण किती पडलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या फवारणीला ती वही उघडून बसा. आमच्या बागेत काही झाडांना फवारणीची गरजच नव्हती, हे त्या वहीतून दिसलं.